नारदाची गादी

स्टुटगार्टच्या त्या सभागृहात उल्हास नृसिंहाचं आख्यान रंगवत होता. कीर्तनाला सीरियाच्या इद्रीसच्या ऊद या अरबी तंतुवाद्याची साथ जोडायची, या प्रयोगाला एका कलासंस्थेने थोडा बीजनिधी दिला होता. आजचं जमलं, तरच पुढची मदत. परीक्षक पुढेच बसले होते.

"खांब दुभंगला," उल्हास गरजला, तोच दार फोडून एकजण लोखंडी सळई घेऊन शिरला. "चालता हो आमच्या देशातून," असं जर्मनमध्ये ओरडत त्याने पहिल्या घावात ऊद फोडला, दुसऱ्यात इद्रीसची बोटं ठेचली. रक्त उडालं.

"गेनाऊ, अगदी बरोबर, हाच तो राक्षस," एक परीक्षक शेजारणीला कौतुकाने म्हणाला. सगळ्यांना तो प्रयोगाचाच भाग वाटला, कुणी उठेना.

आरतीआधी नारदाची गादी सोडायची नाही, हा नेम उल्हासने आजवर मोडला नव्हता. तिसरा घाव इद्रीसच्या डोक्याकडे निघाला. उल्हासने झेप घेतली आणि हातातल्या चिपळ्यांनी त्या माणसाचं थोबाड फोडलं. तो कोसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, गादी सोडलीत," पेटी टाकून धावलेली त्याची बायको कुंदा इद्रीसच्या हाताला पदर गुंडाळत पुटपुटली.

"देव खांबातच बसून राहिला असता, तर प्रल्हादाचं काय झालं असतं गं?" उल्हास म्हणाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांकडे वळून त्याने अँब्युलन्स बोलवायला सांगितलं.