पिशवीवरचा डेरा

मी एक जुना मातीचा डेरा आहे, मित्रांनो. काठाचा टवका उडालेला, पोटावर चुन्याचे तीन ठिपके. शिरूर अनंतपाळच्या कुंभाराने मला भाजले आणि केवळाबाईने बियाण्याला बसवले. माझ्या पोटात हुरड्याची गोड ज्वारी असे, राखेत घोळून, कडुनिंबाच्या पाल्याखाली.

गावची रीत होती. बी विकायचे नाही आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. नेणाऱ्याने सुगीला ओंजळभर जास्त आणून माझ्यात ओतायचे. सगळे आणत, न बोलावता. तेव्हा मला फार ऐट होती.

पुढे गावात सोयाबीन आले आणि ही ज्वारी एकट्या केवळाबाईकडे उरली. अशात शहरातून एक साहेब आले. हुरडा खाऊन त्यांनी तोंड भरून स्तुती केली, केवळाबाईला माझ्याशेजारी बसवून फोटो काढले आणि बी मागितले.

"न्या की. सुगीला परत आणून घाला म्हंजे झालं," ती म्हणाली.

"आणतो ना, आजी," साहेब म्हणाले.

तिने मला जवळजवळ पालथेच केले. आपल्या वावरापुरते ठेवले, ते पेरले आणि परतीच्या पावसात कुजले. तिला काळजी वाटली नाही. साहेब आणतीलच, असे ती म्हणे. पण साहेबांची सुगी काही उजाडली नाही.

परवा तिची सून वर्षाराणी उदगीरहून बियाण्याची चकचकीत पिशवी घेऊन आली. केवळाबाईने दाणा दाताखाली फोडला.

"आपल्याच ज्वारीची लेक हाय ही."

"दुकानदार म्हणला, हिचं बी धरू नका. पुढल्या साली नवी पिशवी घ्या."

पिशवीवर एक नटलेली बाई हसत होती. ती केवळाबाई नव्हती. तिच्या शेजारी मात्र मीच होतो, टवक्यासकट, ठिपक्यांसकट. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात शेजारची गुणाबाई पदर पसरून आली.

"केवळामाय, मूठभर बी दे. नातवाला आपला हुरडा चारावा म्हणते."

केवळाबाईने माझ्यात हात घातला. तळाशी नुसती राख होती.

"न्हाई, बाई," ती म्हणाली. बी मागणाऱ्याला ती नाही म्हणाल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. रिकामा डेरा जपून काय करायचा? माझे चित्र तुम्हाला दुकानादुकानांत दिसेल. दिसले की एवढेच विचारा, साहेबांची सुगी झाली का म्हणावे. केवळाबाईने माझे झाकण अजून उघडेच ठेवले आहे.