आधी पॅच, मग बाकीचं

चंद्रकुमारच्या आंधळगावातल्या कॉम्प्युटर क्लासला एक विचित्र दुखणं लागलं होतं. मराठी टायपिंग शिकवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘ळ’ दाबला की पडद्यावर रिकामा चौकोन उमटायचा. गावाचं नाव लिहिताना मधेच चौकोन आला की क्लासमधल्या पोरी खिदळायच्या.

दोष सापडला तो त्याच्या धाकट्या बहिणीला, मोनाला. प्रोग्रामचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. अक्षरांच्या कच्च्या फाइलीत ‘ळ’ टाकायचाच राहून गेला होता. मोनानं लगेच पॅच लिहिला, म्हणजे कोडमधल्या कोणत्या ओळी कशा बदलायच्या ते सांगणारी छोटीशी फाइल. कोडपासून इन्स्टॉल होणारं पॅकेज बांधायचं काम दादाचं, म्हणजे चंद्रकुमारचं.

दादानं पॅकेज बांधलं, इन्स्टॉल केलं, ऐटीत ‘ळ’ दाबला. चौकोनच!

“तुया पॅचच चुकला वं.”

“माहा पॅच बरोबर हाये. तू लावला कधी?”

“बिल्ड सुरू होते तवा. काम तिथंच तं होते.”

मोनानं खुर्ची ओढली. पॅकेज बांधताना आधी दाबून ठेवलेला कोड उघडला जातो, मग कॉन्फिगर होतो, म्हणजे त्या कॉम्प्युटरसाठी जुळवला जातो, आणि शेवटी बिल्ड, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम बनतो. कच्च्या फाइलीपासून पक्की फाइल तयार होते ती कॉन्फिगरच्या वेळी. दादानं लावलेला पॅच त्यानंतर पोचत होता. कच्ची फाइल सुधारत होती, पण पक्की केव्हाच बनून बसली होती.

दादाला हे पटेना. त्यानं हट्टानं त्याच फोल्डरात पुन्हा बिल्ड चालवलं. आता तर ‘पॅच आधीच लागलेला आहे’ असा संदेश येऊन सगळं कामच ठप्प झालं.

“आता काहून रुसलं हे?”

“एकच पॅच दुसऱ्यांदा लावून राहिला ना तू!” मोना हसत सुटली. “कोड उघडला का लगेच पॅच लाव. मंग कॉन्फिगर, मंग बिल्ड. किती बी खेपा बिल्ड कर, पॅच एकदाच लागते.”

“अन् नाई लागला तं?”

“तं तिथंच समजते. अर्धं काम झाल्यावर नाई.”

दादानं डोकं खाजवलं. मग स्वतःच पॅकेज बांधायच्या सूचनांमधली पॅच लावायची ओळ उचलून वर, कोड उघडण्याच्या टप्प्यात नेली. जुनं फोल्डर पुसलं. नव्यानं पॅकेज बांधलं.

पडद्यावर ठसठशीत ‘ळ’ आला.

दादानं अशी आरोळी ठोकली की बाजूच्या दुकानातला केवळराम धावत आला. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण जिलेबी मागवायला तो सगळ्यात पुढे. पोरींनी ‘केळी, बाळ, आभाळ’ लिहून पडदे भरून टाकले. दादानं मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मोना बरोबर होती, मी उशिरा लावून राहिलो होतो.” तिला एकदम लाजल्यासारखं झालं.

मोनानं पॅच प्रोग्रामच्या मूळ लेखकाकडे पाठवला. त्याचं आनंदानं उत्तर आलं: पुढच्या आवृत्तीत ही दुरुस्ती मूळ कोडमध्येच येणार, वेगळा पॅच लावायची गरजच उरणार नाही.

घरी मोना हे सांगत असताना आई, कुंताबाई, चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, “तो मानूस राह्यते कुठं?”

“लय दूर, आई. दुसऱ्या देशात.”

“मंग आला का सांगजो. मी वडे करीन.”