बारापैकी सातवं चित्र

मित्रांनो, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या या दुकानात काउंटरमागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर एक लांब पांढरट नळी आडवी पडलेली दिसते ना? ती मी. तीनशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स. लांबचं जवळ आणणं हे माझं काम. मी ते इमानाने केलं. ज्याला ते नको होतं, त्याने मलाच खोटं ठरवलं. त्याची ही हकीकत.

माझा जन्म कारखान्यातला. काचा दिवसेंदिवस घासून मला घडवलं आणि तपासणाऱ्या बाईंनी चिठ्ठीवर 'निर्दोष' लिहिलं. तो शब्द मी फार जपला. पुढे कॅमेरे बदलले, मी तीच राहिले.

माझा पहिला धनी मुलांच्या खेळांचे फोटो काढणारा म्हातारा होता. मुलं त्याला गुडघेकाका म्हणायची, कारण त्याच्या पँटीचे गुडघे कायम मातीचे. फोटो काढताना तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचा. पहिल्या आलेल्याचे आणि शेवटच्या आलेल्याचे तो सारखेच फोटो काढी. पोरं आमच्याकडे धावत यायची आणि माझ्या काचेत वाकून स्वतःचं नाक बघायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ते नंबर काढायला चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाला म्हणाला, "काका, आता काचेने काही व्हायचं नाही. ऑपरेशनच."

"मग ही तू घे," म्हणत काकांनी मला त्याच्या हातात दिलं. "तुझी पोरगी पळते ना? तिचे फोटो काढ. नीट ऐक. पळणाऱ्या पोरांना शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी ठेवायचा नाही, नाहीतर हातपाय पुसट येतात. लेन्सचं उजेड आत घेणारं भोक पूर्ण उघडं, दोन पूर्णांक आठवर. मागची गर्दी विरघळून जाते. ढग आले तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढव, वेग कमी करू नकोस. फोकस चालता ठेव, आणि तो डोळ्यावर. आणि मुख्य म्हणजे, बस खाली."

चष्मेवाल्याने सगळं कागदावर उतरवून घेतलं. पाळलंही. फक्त खाली तो कधी बसला नाही.

एक सांगते. मला त्याच्याइतकं कोणी जपलं नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मऊ फडक्याने मधून बाहेर गोल पुसायचं. शर्टाचं टोक त्याने मला कधी लावलं नाही. त्याची मुलगी, बबडी, तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मात्र तो असा जपत नसे.

दर शर्यतीनंतर जेवणाच्या टेबलावर तो कॅमेरा तिच्या ताटाशेजारी ठेवायचा. कॅमेरा सेकंदाला बारा चित्रं घ्यायचा आणि तो एकेक पुढे सरकवायचा.

"हे बघ. इथे हनुवटी वर गेली. इथे तू हरलीस."

"बाबा, मी दुसरी आले."

"ते घड्याळाने सांगितलं. का आलीस, ते मी सांगतोय. हे बघ, तोंड कसं केलंयस! माकड बरं."

"अहो, तिला दोन घास खाऊ द्या आधी," आई म्हणायची.

"खातेच आहे की. मी काय तिचा हात धरलाय?"

बबडी खाली मान घालून भात चिवडत राहायची. मित्रांनो, माझ्यातून आलेलं चित्र कुणाच्या घशात घास अडकवेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या सगळ्या चित्रांत बबडीच्या पुढे एक कोपर असायचं. ते लांबीचं. लांबी म्हणजे मैदान झाडणाऱ्या बाईंची मुलगी. पाय लांब, म्हणून लांबी. तिचे बूट कुणाचे तरी उतरलेले, पुढे कापूस कोंबलेले. दोघींची मैत्री होती. पाण्याची बाटली एकच, ती बबडी आणायची आणि लांबी संपवायची.

"बाटली कोण संपवतं आणि पुढे कोण जातं, बघ," चष्मेवाला म्हणायचा. "चार चित्रं पुढे आहे ती तुझ्या. निवड चाचणीच्या दिवशी ती मागे राहिली पाहिजे. कशीही."

"कशीही म्हणजे?"

"म्हणजे कशीही."

आमच्या मैदानातून एकाच मुलीला निवासी क्रीडाशाळेत घेणार होते. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. चष्मेवाला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर उभा राहिला. मला एका पायाच्या दांड्यावर बसवलं. वेग सेकंदाचा सोळाशेवा भाग, भोक पूर्ण उघडं, आयएसओ चढवलेला, चालता फोकस बबडीच्या डाव्या डोळ्यावर. इतकी नेमकी मी आयुष्यात कधीच नव्हते.

चारशे मीटरची शर्यत होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात लांबी आत, बबडी बाहेर, अर्ध्या पावलाने मागे. पंचांचे डोळे शेवटच्या रेषेवर. चष्मेवाल्याने बटण दाबून धरलं.

पहिल्या सहा चित्रांत दोघी पळत होत्या. सातव्यात बबडीच्या मुठीत लांबीच्या बनियनचं टोक होतं. कापडाच्या चुण्या, पांढरी पडलेली नखं, सगळं स्वच्छ. आठव्यात लांबीची मान मागे. नवव्यात तिचा गुडघा वाकडा होऊन मातीवर. अकराव्यात बबडी रेषेकडे बघतच नव्हती. ती वर, माझ्याकडे बघत होती. हे चित्र बाबांना आवडेल का, असं विचारणारा तो डोळा मी कधी विसरले नाही.

बबडी पहिली आली. लांबीला उचलून न्यावं लागलं.

थोड्या वेळाने झाडणाऱ्या बाई पायऱ्या चढून वर आल्या.

"भाऊ, पोरगी म्हणते मला मागून ओढलं. पंच म्हणतात, तिचाच पाय अडकला. तुमच्या यंत्रात आलं असेल ना? दाखवलंत तर शर्यत परत घेतील, म्हणतात."

सातवं चित्र त्या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच होतं. त्याने त्यावर तळवा ठेवला.

"नाही हो ताई. नेमका फोकस हुकला. लेन्स जुनी आहे, हुकते अधूनमधून."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बबडी खालच्या पायरीवर बूट हातात घेऊन उभी होती. तिने तोंड उघडलं.

"बबडे, पिशवी उचल," तो म्हणाला.

तिने पिशवी उचलली.

घरी त्याने चित्रं पुसली. सातवं आधी. बारावं, रेषा ओलांडतानाचं, मोठं करून दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलं. कडेला जमिनीवर लांबीचा हात दिसत होता, तेवढा कापून काढला.

बबडी क्रीडाशाळेतून पहिल्या सुट्टीला आली तेव्हा त्याने मला उचललं. "जरा उभी राहा बघू."

ती सरळ चालत आली आणि तिने अख्खा तळवा माझ्या काचेवर दाबला. "ही हुकते ना, बाबा? मग राहू दे."

त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्याने काच पुसली नाही. तशीच मला पेटीत घातली आणि पेटी ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात गेली. बबडीने त्याच वर्षी पळणं सोडलं. तिच्या तळव्याच्या तेलकट डागावर बुरशी धरली, पाच बोटांची, केसासारखी बारीक. किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. अंधारात मला वेळ कळत नाही.

शेवटी चष्मेवाल्याने घर आवरायला काढलं आणि तो मला या दुकानात विकायला घेऊन आला. काउंटरवर एक ताई होती. एक पाय सरळ ताणून उंच स्टुलावर बसलेली. तिने मला उजेडाकडे धरलं.

"बुरशी आहे, काका. फोकस कसा आहे? हुकते का?"

"छे! फोकसमध्ये हिचा हात धरणारी दुसरी नाही. आयुष्यात एकदाही हुकली नाही."

तिचं पेन थांबलं. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मैदान झाडणाऱ्या बाईंना तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काउंटरवरून वाकून तिच्या ताणलेल्या पायाकडे. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात त्याचा जन्म गेला होता, पण तिच्या डोळ्यांत त्याला बघवेना.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला.

"असेल. पोरं मला हाक मारायची, 'लांबे, आज पडणार नाहीस ना?' ते मी गिळलं. पण आईसुद्धा म्हणायची, स्वतः पडलीस आणि मैत्रिणीवर ढकलतेस. परवा गेली ती. जाईपर्यंत तिला मी खोटारडीच वाटले."

त्याने मला परत घ्यायला हात पुढे केला. तिने मला सोडलं नाही. तो पावती न घेताच निघून गेला.

लांबीताईने मला उघडून साफ केलं. बुरशी निघाली, पण काचेवरचा लेप तोवर बुरशीने खाल्ला होता. पाच बोटं उमटली ती उमटलीच. आता सुट्टीच्या दिवशी ती मला मैदानावर नेते. गुडघा वाकत नाही, म्हणून ती मातीत सरळ पालथी पडते आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. उन्हाकडे धरलं की माझ्या चित्रांत धुरकट पट्टा येतो. निर्दोष हा शब्द आता माझा राहिला नाही.

परवा एक चिमुरडी माझ्यात नाक बघायला वाकली. "ताई, ही बोटं कुणाची?"

"माहीत नाही गं. निघत नाहीत."

मित्रांनो, मला माहीत आहे. बनियन धरणारी मूठ आणि ही बोटं एकाच हाताची. पण मला फक्त दाखवता येतं, बोलता येत नाही, आणि जे दाखवायचं होतं ते पुसलं गेलं. म्हणून तुम्हाला एवढंच विनवते. मला कोरड्या जागी ठेवा. बोट लागलं तर लगेच पुसा. मुलांचे फोटो काढताना खाली बसा. आणि कुणाची आई पायऱ्या चढून विचारायला आली, तर पडद्यावरचा हात काढा.