सेल्बीची पाकिटं

"ठेव काट्यावर," मी म्हणाले.

मरलने पोरीला, सेल्बीला, झोळीत ठेवलं. काटा चार किलो सहाशेवर थांबला. मागच्या सोमवारी चार किलो आठशे होती. आठ महिन्यांची पोर, आणि आठवड्यात वाढायची सोडून घटली. दंडाला मापाची फीत गुंडाळली तर तीही लाल, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यावर. झोळीचं कापड गार होतं, तरी पोर हू की चू करेना.

"काय शहाणं बाळ गं!" दवाखान्यातल्या बाकावरची एक बाई कौतुकाने म्हणाली. "आमचा बघ, काट्यावर ठेवला की गाव गोळा करतो."

मला त्या कौतुकाची शिसारी आली. माझा पहिला मुलगा असाच शहाणा होता. झोपेतच गेला. मी गालिच्याच्या मागावर बसले होते, दोन ओळी झाल्यावर उठले, तेव्हा कळलं.

"दवाखान्यातली खाऊची पाकिटं देतेस ना हिला?" मी मरलला विचारलं.

"देते की आपा. रोज दोन. चाटूनपुसून खाते."

"मग वजन कुठे जातंय? तू खातेस का?"

"अल्लाची शपथ, नाही!" तिने डोळे वर केले. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ती काय खाते ते मला विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात दिवसाचे बारा तास मागावर उकिडवं बसणारी बाई पाठीसाठी काय खाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या दवाखान्याची गाडी सोमवारी दुपारी शिबरगानच्या इस्पितळात जाते. लाल फितीची पोरं आणि त्यांच्या आया त्यातून जातात, तीन आठवडे राहतात. मी मरलला म्हटलं, "आजच्या गाडीने जायचं."

"सासूबाईंना विचारायला लागेल," ती म्हणाली. मी चपला घातल्या आणि तिच्यासोबत निघाले.

घरात शिरले तर जमिनीवर आडवा माग पसरलेला, त्यावर लाल गालिचा, शेवटची चारच बोटं विणायची बाकी. हवेत लोकरीची कुसं उडत होती. अमानबीबी, म्हणजे मरलची सासू, भिंतीला टेकून चहा पीत होती. मला बघून बसल्या जागेवरूनच तिने तोंडभर आशीर्वाद दिले.

"ये जमाल, ये. तुझी पाकिटं म्हणजे अमृत हो! पोरगी अगदी सुधारली."

"खाला, पोरगी दोनशे ग्रॅमने उतरलीय."

"असं कसं? झोपते किती छान! आधी मेली थुंकायची. बोटावर द्या, चहात द्या, फुर्रकन बाहेर. आता एक थेंब सांडत नाही."

"काय थुंकायची?"

अमानबीबीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. कोनाड्यातली वाटी काढली. वाटीत पाकिटातला शेंगदाण्याचा गोड लगदा होता, आणि त्यात कालवलेले काळे ठिपके. तिने करंगळीने ढवळून दाखवलं.

"तूच नाही का शिकवलंस? त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर सांगितलंस, गोळी कुटायची, लगद्यात कालवायची, गोडात कडू कळत नाही म्हणून."

सांगितलं होतं. जीवनसत्त्वाच्या गोळीसाठी सांगितलं होतं. वर चमच्याने करूनही दाखवलं होतं, आणि बायका "वा आपा, वा" म्हणाल्या तेव्हा मी फुलले होते. त्या बायकांपैकी किती जणींनी घरी जाऊन हेच केलं असेल? मी ती वाटी उचलून अंगणात भिरकावली आणि भिंतीला धरून उभी राहिले.

"अगं अगं! अन्नावर कसला राग?" अमानबीबी ओरडली.

"अन्न? शी! अफू चारता पोरीला आणि अन्न म्हणता?"

"मग काय करू? तू येऊन सांभाळणार आहेस? तिची आई मागावर, मला धड दिसत नाही. ती रडली की ही उठते, ही उठली की ओळ राहते. माझ्या सासूने मला हेच करायला लावलं, मी हिला लावलं. आम्ही काय मेलो?"

"तुमची किती मेली, खाला?"

तिने पेला पुन्हा हातात घेतला. मरल खाली बघत होती, पोरीला मांडीवर धरून. मलाच वाईट वाटलं, पण जीभ आवरेना.

"आज दुपारची गाडी आहे," मी म्हणाले. "मरल आणि सेल्बी दोघी जाणार. घरी अफू एकदम बंद केलीत तर पोरीला झटके येतील. तिथले डॉक्टर सवय हळूहळू उतरवतील. दोघींचीही. मरलला खायला घालतील, दूध येईल."

"आणि गालिचा?"

"जाऊ दे गालिचा."

"जाऊ दे?" अमानबीबी उठून उभी राहिली. "शुक्रवारी व्यापारी येतो. गालिचा कापून तयार नसला तर माग उचलून दुसऱ्या घरी देईन म्हणालाय. मग काय खायचं, तुझी पाकिटं?"

हा व्यापारी मला माहीत आहे. हातात जपमाळ, दाढीला अत्तर. लोकरीच्या गोणीत वरून काळी पुडी टाकून पाठवतो आणि म्हणतो, बायांच्या हाताला वेग येतो. एकदा मी त्याला विचारलं होतं, तुमच्या सुना खातात का हो? तर "तौबा तौबा" म्हणून कान पकडले होते! त्याच्या तोंडावर थुंकले नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

"मरल, तुला जायचंय का?" मी विचारलं.

तिने पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आपा, काल मी हिला चिमटा काढून बघितला. उठते का ते बघायला. उठली नाही." आणि सासूकडे वळून म्हणाली, "मला जायचंय, सासूबाई. पण चार बोटं राहिलीत. माझ्यामागे करील कोण?"

आमच्यात सुरू केलेला गालिचा परकी बाई पुरा करत नाही. घरातल्याच हाताने संपवायचा, नाहीतर बरकत जाते म्हणतात. फक्त एक सूट आहे. जिचं मूल त्या गावात मागाशेजारी गेलं, ती कुठल्याही मागावर बसू शकते. तिला कोणी परकी म्हणत नाही. अशा बाईला कोणी बोलावतही नाही म्हणा, आणि मी कधी गेले नव्हते. माझा मुलगा गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी धागे कापायची सुरी आणि ओळ ठोकायचा पंजा विहिरीत टाकले होते. त्याला सोळा वर्षं झाली.

"मी करीन," मी म्हणाले.

अमानबीबीने माझ्याकडे बघितलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. नुसती मान हलवली.

मरलचा सख्खा मामाच गाडी चालवतो, त्यामुळे सोबत घरचा पुरुष कोण जाणार हा प्रश्न आला नाही. तिने दोन कपडे बांधले, पोरीला शालीत गुंडाळलं. दारात थांबून म्हणाली, "कडेच्या फुलात आधी पांढरा, मग विटकरी."

"माहितीये गं. जा आता, गाडी सुटेल."

ती गेली. मी चपला काढल्या, गालिच्यावर चढले, उकिडवी बसले. पहिली गाठ सुटली. दुसरी सैल पडली. तिसरीपासून बोटांना सगळं आठवलं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली. किती पटकन जमलं! जणू मी इथून उठलेच नव्हते.

दुपार कलली तोवर दोन ओळी झाल्या. गुडघे भरून आले, कमरेत कळ निघाली, खांद्यांची आग व्हायला लागली. गाडी एव्हाना शिबरगानला पोचली असेल, असं मी मनात घोकत होते. तीन दिवस आहेत, चार बोटं आहेत, होईल.

अमानबीबी चहा घेऊन आली. पेला माझ्याजवळ ठेवला आणि दुसरा हात पुढे केला. सुरकुतलेल्या तळहातावर मुगाएवढी काळी गोळी. कडू लागू नये म्हणून तिने वर साखरेचा खडा ठेवला होता. डोळ्यांत कसला कावा नव्हता. आईने लेकीला विचारावं तसं विचारलं.

"घे जमाल. पाठ धरलीय तुझी, मला दिसतंय."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सोळा वर्षांनी! मला स्वतःची इतकी घाण वाटली की क्षणभर काही दिसेना.

"साखर तेवढी द्या, खाला," मी म्हणाले.

तिने खडा माझ्या हातावर ठेवला. गोळी मात्र तिच्या तळहातावर तशीच राहिली. टाकूनही देववेना तिला, खाववेनाही. मी खडा दाताखाली धरला, चहाचा घोट घेतला आणि विटकरी धागा ओढला.