स्टीलचा चिमटा

ओरिनबासर अगायनी माझ्या शोधनिबंधावरून स्वतःचं नाव काढलं, तेव्हा अल्माटीतल्या आमच्या अख्ख्या विभागाने त्यांचे गोडवे गायले. अगाय म्हणजे आमचे गुरुजी. "राबली मारझान, नावही तिचंच असू दे," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मी घरी जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. कसली मूर्ख होते मी!

माझं काम म्हणजे चिकटपट्टीने स्फटिक सोलत सोलत अणूंच्या एका थरावर आणायचा. असे अर्धवाहक थर चुंबक होतात, पण मरणाच्या थंडीत. जरा ऊब लागली की खेळ खलास. माझा थर मात्र खोलीच्या उबेतही चुंबक राहत होता. इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणारी यंत्रं बनवायची तर नेमकं हेच हवं होतं. माझं पुढचं सगळं भवितव्य त्या निबंधावर उभं होतं.

काल कार्लिगाश आली. माझे नमुने मापनयंत्रात ठेवायचं काम तिचं.

"तुझा छापून आलेला निबंध वाचून परदेशातल्या लोकांनी प्रयोग करून पाहिला, त्यांना तसलं काही दिसत नाहीये म्हणे."

"त्यांना सोलता येत नसेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. "हिवाळ्यात प्लॅस्टिकचा चिमटा तुटला होता ना? मी स्टीलच्या चिमट्याने उचलत होते गं."

स्टील घासलं की लोखंडाचे कण मागे राहतात, डोळ्यांना न दिसणारे. एवढ्याशा थरापुढे तेही पुष्कळ झाले. मी सिलिकॉनचा कोरा तुकडा घेतला, त्यावर थर वगैरे काही नाही. तो स्टीलच्या चिमट्यात दाबला आणि यंत्रात ठेवला. माझा शोध पडद्यावर जसाच्या तसा उमटला.

"तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडले.

"अगायना सांगितलं होतं. निबंध पाठवायच्या आधीच. म्हणाले, मी बघतो, मारझानच्या डोक्याला ताप नको."

आणि मग त्यांनी नाव काढलं होतं. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

"या, शास्त्रज्ञबाई!" त्यांनी तळलेल्या बाउरसाकांची ताटली पुढे सरकवली. "घे, गरम आहेत."

"अगाय, तुम्हाला ठाऊक होतं?"

ते चहात दूध घालत राहिले. "अनुदानाचा अहवाल डोक्यावर आला होता, पोरी. हा निबंध नसता तर प्रयोगशाळेला टाळं लागलं असतं. तू तरुण आहेस, तुला लोक सांभाळून घेतील. मला या वयात कोण घेणार?"

"मला नुसतं सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर पाठवला असतास?"

आमच्यात पाहुण्याला चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे त्याने बसावं, पुन्हा मागावा. पियाला काठोकाठ भरला की समजायचं, आता निघा. अगायनी माझा पियाला काठोकाठ भरला. बापाच्या जागी मानलं होतं मी या माणसाला.

चहाला हात न लावता मी उठले. आज सकाळी मासिकाला कळवलं, निबंध चुकीचा आहे, मागे घेते. सर्व लेखकांच्या सह्या हव्यात, असं त्यांचं उत्तर आलं. मी एकटीने सही केली. दुसरं नाव नव्हतंच त्यावर.