आत्याच्या नावापुढचा शब्द

आमच्या नगरपालिकेत एक शब्द आहे, तो बाहेर कुणी वापरत नाही. निरंक. तक्त्याच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तर आम्ही शून्य लिहीत नाही, रेघही मारत नाही, निरंक लिहितो. शून्याचा कुणीही सहा करतं, रेघेवर कुणीही काहीही खरडतं. निरंक लिहिलं की विषय संपला. प्रलंबित तक्रारी : निरंक. नादुरुस्त दिवे : निरंक. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हापासून हा शब्द किती वेळा लिहिला असेन, देव जाणे. पण एका बाईच्या नावापुढं लिहिला तो अजून माझ्या घशात अडकलाय.

मी आस्थापना शाखेत आहे. कोण कामावर आलं, कोण रजेवर गेलं, कुणाची बदली, कुणाला नोटीस, सगळं माझ्या टेबलावरून जातं. खालची माणसं मला 'रजिस्टरबाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला काय कान नाहीत?

त्या वर्षी मोठे साहेब नवीन आले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. 'एक तास समाजासाठी.' दर शनिवारी दहा ते अकरा सगळ्या कर्मचाऱ्यांनी कचेरीसमोरच्या चौकात श्रमदान करायचं. प्रत्येकाचे तास रजिस्टरात. म्हणजे जे काम आठवडाभर खुर्चीत बसून करायचं, ते करायचं नाही, आणि जे आपलं नाही ते शनिवारी तासभर करून त्याचे फोटो काढायचे. रजिस्टर अर्थातच माझ्या गळ्यात.

तो चौक झाडायला होता आत्याकडे. सव्वीस वर्षं तोच चौक आणि त्याला लागलेले चार रस्ते, पहाटे पाच ते सकाळी दहा. तिला सगळे आत्याच म्हणायचे, कारण ती कुणालाही सख्ख्या आत्यासारखी झापायची. पान खाऊन भिंतीवर थुंकणाऱ्या अभियंत्याच्या हातात तिनं एकदा ओलं फडकं दिलं होतं. "तुमच्याच तोंडाचं आहे, पुसा," म्हणाली. त्यानं पुसलं!

पहिल्या शनिवारी आम्ही नवेकोरे झाडू घेऊन खाली उतरलो, प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं त्यांचं. बघतो तर चौक लख्ख. एवढी साहेब मंडळी येणार म्हणून आत्या त्या दिवशी पहाटे चारलाच आली होती. झाडून, वर पाणी मारून मोकळी.

"कचरा कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"काढला की!" आत्या म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळणार.

मग काय, आम्ही तासभर स्वच्छ रस्ता झाडला. फोटोत वाटतं, चाळीस माणसांचं काहीतरी हरवलंय आणि ती शोधतायत.

दुसऱ्या शनिवारी आत्याला हुकूम, झाडू लावायचा नाही. तिनं लावला नाही. पण चौकाचा खरा कचरा कसा असतो हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मेलेला उंदीर निघाला, लहान मुलांची लंगोटं निघाली, आणि हॉटेलचं उरलंसुरलं बघून लेखा विभागाच्या साहेबांनी तिथंच ओकून त्यात भर घातली.

सोमवारी बैठक. मोठे साहेब म्हणाले, "कचरा हवा, पण स्वच्छ हवा." मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता. साहेबांच्या शिपायाला, ज्याला आम्ही 'होसाहेब' म्हणतो, लगेच युक्ती सुचली. वाळलेली पानं! फोटोत छान दिसतात, वास नाही, घाण नाही.

तेव्हापासून आत्याकडे पानांच्या सहा गोण्या असायच्या. दर शनिवारी दहाला, म्हणजे तिची ड्यूटी संपल्यावर, तिनं पानं चौकात पसरायची. आम्ही ती इकडून तिकडे ढकलायची. अकराला आम्ही चहाला गेलो की तिनं ती पुन्हा गोळा करून गोण्यांत भरायची, पुढच्या शनिवारसाठी. गोण्यांवर तिनं खडूनं फुली मारली होती. "हात लावू नका रे, साहेबांचा कचरा आहे," असं दुसऱ्या झाडूवाल्यांना दरडावायची.

आता तीच तीच पानं किती टिकणार? चार-पाच शनिवारांत त्यांचा भुगा झाला. गोणी उलटी केली की नुसता धुरळा उठायचा. आणि त्या धुरळ्यात कोण, तर आत्या. खोकला तिला आधीपासून होताच, सव्वीस वर्षं रस्त्याची धूळ खाल्लेली बाई. पण आता ती खोकायला लागली की खांब धरून उभी राहायची. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं, धुळीत काम करू नये, फुप्फुसं गेली आहेत. चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली.

"बाई, रोपवाटिकेतला माळी वर्षअखेरीला निवृत्त होतोय म्हणे," ती म्हणाली. "तिथं पाणी घालायचं, रोपं हलवायची. ओल्या मातीत कसली आलीय धूळ? तेवढी बदली झाली तर जगेन हो मी. नाहीतर डॉक्टर म्हणाला, दोन पावसाळे."

तिचा अर्ज मी स्वतः लिहिला. चांगला लिहिला. अर्जावर साहेबांनी शेरा मारला : 'ज्यांचे समाजसेवेचे तास अधिक, त्यांचा प्राधान्याने विचार व्हावा.'

आणि आत्याचे तास? महिनाअखेरीला मी रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ती दर शनिवारी दहा ते बारा राबते. ड्यूटीनंतर. दोन तास लावू ना?"

साहेब हसले. माणूस तसा वाईट नव्हता, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"अहो बाई, झाडणं हे तिचं कामच आहे. कामाला सेवा कसं म्हणायचं? उद्या गवंडी म्हणेल, भिंत बांधली ती सेवा."

"पण ड्यूटी संपल्यावर..."

"काम कधीही केलं तरी कामच. निरंक लिहा."

मी लिहिलं. नियमाला धरून होतं, वळणदार अक्षर काढलं.

रजिस्टरात ज्याच्या त्याच्या नावापुढं सही लागायची. आत्या अंगठा द्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. बोट ठेवून म्हणाली, "सगळ्यांपुढं नुसते आकडे, आणि माझ्यापुढं एवढा मोठा शब्द? काय लिहिलंय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. आत्या, तुझी सेवा शून्य धरली आहे. सहा शब्द. पण ती नुकतीच गोण्या भरून आली होती, भुवयांवर पानांचा भुगा होता, आणि माझी जीभ रेटेना.

"निरंक," मी म्हटलं. "म्हणजे... एकही डाग नाही."

"निर्मळसारखं?"

"तसंच काहीतरी."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "एका कागदावर लिहून द्या की," म्हणाली. "सुनेला दाखवते. ती म्हणते, कचेरीत तुम्हाला कोण विचारतं?"

मी चिठ्ठीवर लिहून दिलं. हो, दिलं! माझ्या हातानं.

सून सातवी शिकलेली, तिनं अक्षरं वाचली, अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. असणार कसा? आमच्याशिवाय कुणाला ठाऊक असतो? पंधरा दिवसांनी बघते तर आत्याच्या ढकलगाडीवर तांबड्या रंगात, गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलेला हातभर शब्द : निरंक. खाली दोन फुलं.

कचेरीत हसून हसून मुरकुंडी वळली. खिडकीत येऊन माणसं बघून जायची. होसाहेबानं तर फोटो काढून सगळ्यांना पाठवला. तिला कुणी सांगितलं नाही. गंमत मोडेल म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि मी का सांगितलं नाही, तर माझं खोटं उघडं पडलं असतं म्हणून. ती आपली चौकातून गाडी ढकलत जायची, खांबाशी थांबून खोकायची आणि पुन्हा ढकलायची.

वर्ष संपलं. रोपवाटिकेच्या जागेसाठी दोघांना बोलावलं, आत्याला आणि होसाहेबाला. होसाहेबाला घराजवळ बदली हवी होती. त्याचे तास अठ्ठेचाळीस. त्यातले निम्मे तो साहेबांची छत्री धरून उभा होता.

मी रजिस्टर घेऊन कोपऱ्यात बसले होते. साहेबांनी आत्याला रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही समाजसेवा काय केलीत?"

आत्यानं पदर सारखा केला, ताठ उभी राहिली. "साहेब, मी स्वतःच्या तोंडानं काय सांगू? रजिस्टरात बघा. बारा महिने माझ्या नावापुढं निरंक आहे. एक महिना चुकला नाही."

आधी होसाहेब फुसकन हसला. मग लेखावाले साहेब. मोठ्या साहेबांनी ओठ चावले, रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होतेच. आत्या त्यांच्याबरोबर थोडी हसली. तिला वाटलं, आनंदानं हसतायत. मग तिचं हसू तिथंच थांबलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, सांगा ना त्यांना."

मी मान खाली घातली. साहेबच म्हणाले, मऊ आवाजात, "निरंक म्हणजे काही नाही, आत्या. शून्य."

तिला खोकला आला. ती खोकत राहिली आणि सगळे तो थांबायची वाट बघत राहिले. थांबल्यावर ती बाहेर गेली. जागा होसाहेबाला मिळाली. आदेश मीच टाईप केला.

संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता झापणार. झापलं असतं तर पायावर डोकं ठेवलं असतं मी.

"तुमच्या नावापुढं किती हो?" तिनं विचारलं.

"बावन्न."

"झाडू किती वेळा धरला?"

मी रजिस्टर मिटलं. पहिले दोन शनिवार सोडले तर मी सावलीत खुर्ची टाकून हजेरी लावायचे. हजेरी लावणाऱ्याची हजेरी पहिली.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. एवढंच.

पुढच्या शनिवारी वरून पाहुणे येणार होते. आमचा उपक्रम बघून तो सगळीकडे राबवायचा विचार होता. आम्ही एकसारख्या टोप्या घालून खाली उतरलो. चौकात पान नव्हतं. एकसुद्धा! फरशीच्या सांध्यांतली मातीसुद्धा निघालेली होती. सहाही गोण्या रिकाम्या करून, झटकून, घडी घालून पायरीवर ठेवलेल्या. पानं तिनं पहाटेच खताच्या खड्ड्यात नेऊन ओतली होती. शेजारी गाडी, आणि गाडीवर तो शब्द.

पाहुणे म्हणाले, "अरे वा, फारच स्वच्छ शहर आहे तुमचं." आणि पाच मिनिटांत निघून गेले. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

सोमवारी आत्याला नोटीस निघाली. 'श्रमदानाकरिता नेमून दिलेला कचरा वेळेवर उपलब्ध करून न दिल्याबद्दल.' शिक्षा म्हणून बदली, शहराबाहेरच्या कचरा डेपोवर, चाळण्याच्या यंत्रापाशी. तिथं दिवसभर धुरळा असतो, समोरचा माणूस दिसत नाही. मी साहेबांना डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "ती दप्तरात आहेच ना? मग झालं." मी चिठ्ठी परत फायलीत लावली. मलाही निवृत्तीला सहा वर्षं आहेत.

शनिवारी सकाळी आत्या नोटीस घ्यायला आली.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं. "या वेळी खरं सांगा."

मी वाचून दाखवली. संदर्भ क्रमांकापासून सहीपर्यंत, एक अक्षर न गाळता. डेपोचं नाव आलं तेव्हा माझा आवाज चिरकला, तिचा चेहरा नाही हलला.

"म्हणजे झाडलं म्हणून शिक्षा?"

"हो."

"पण झालं होतं ना स्वच्छ?"

"एक पान नव्हतं, आत्या."

"मग द्या शाई."

तिनं अंगठा उठवला. शाई गोणपाटाच्या तुकड्याला पुसली आणि खोकत खोकत जिना उतरली. दोन मजले मला तो खोकला ऐकू येत होता. मग खाली शिट्टी वाजली, दहा वाजले होते, चौकात कुणीतरी नव्या गोण्या उलट्या करत होतं. मी रजिस्टर उघडलं आणि माझ्या नावापुढं एक तास लिहिला.