दस्त्याचं माप

व्हर्लिनने मोजपट्टीचं टोक मार्लाच्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि पट्टी तिच्या तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत ओढली, तेव्हा आर्डिथ स्वयंपाकघराच्या खिडकीत टोमॅटोच्या बरण्या पुसत होती. सप्टेंबरातला शनिवार. कोठाराचं मोठं दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं आणि बरंचसं ऐकूही येत होतं.

"साडेबारा," व्हर्लिन म्हणाला. "कारखान्यातून दस्ता येतो तो चौदा इंचांचा. दीड इंच कापावा लागेल."

"काप की मग. बंदूक नवी कोरी आहे म्हणून माझा जीव काही त्यात अडकलेला नाही," मार्ला हसून म्हणाली.

त्याने खरंच कापला. नव्या बंदुकीचा दस्ता शिकंज्यात धरून, वर चिकटपट्टी गुंडाळून, पातळ पात्याच्या करवतीने हळूहळू. कापलेल्या कडेला रबरी गादी बसवली. मार्लाने बंदूक खांद्याला लावली तर ती अशी बसली, जणू तिथेच वाढलेली. आर्डिथच्या हातातली बरणी केव्हाच कोरडी झाली होती. तरी ती पुसतच राहिली.

मार्ला म्हणजे तिची धाकटी जाऊ. व्हर्लिनच्या भावाने, डेलने, दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं, ती ही. शहरात वाढलेली, दातांच्या डॉक्टरकडे नोकरी केलेली, बडबडी. डेल ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचा. त्यामुळे या वर्षी तिने मनावर घेतलं की नाताळाच्या सुमारास सुरू होणाऱ्या मोसमात, ठासणीच्या बंदुकांना मोकळीक असते तेव्हा, आपणही हरणाच्या शिकारीला बसायचं. आयोवाच्या दक्षिणेकडच्या या टेकड्यांत ठासणीच्या बंदुकीचं काही विचारायचं झालं, तर लोक व्हर्लिनकडेच येत. मग भावजयीसाठी तो तीन शनिवार दुकानं पालथी घालत फिरला, यात नवल काही नव्हतं. एक बंदूक हलकी म्हणून नाकारली. उडताना गाढवासारखी लाथ मारील म्हणाला. दुसरीचा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट पान्याशिवाय निघत नव्हता, आणि थंडीत बोटं बधिर झाल्यावर पाना कोण शोधत बसणार. शेवटी घेतली ती आखूड नळीची, हातानेच बोल्ट उघडणारी, दुर्बीण बसवायला वर सपाट जागा असलेली.

आर्डिथची बंदूक बावीस वर्षांपूर्वीची. व्हर्लिनने स्वतःला नवी घेतली, तेव्हा जुनी तिला दिली. तिचा दस्ता त्याच्या लांब हातांच्या मापाचा. थंडीतलं जाड जाकीट घातलं की तो काखेशी अडकायचा, आणि बार उडाला की गालाच्या हाडावर बसायचा. दर जानेवारीत चर्चला जाताना ती त्या काळ्यानिळ्या डागावर पावडर लावायची. पहिल्याच वर्षी व्हर्लिनने विचारलं होतं, ठीक आहे ना. तिने म्हटलं होतं, ठीक आहे.

ते तिला आता आठवत नव्हतं. आठवत होती ती मोजपट्टी.

आर्डिथचा एक नेम होता. आई गेली तेव्हापासून रोज सकाळी, कॉफीचा घोट घेण्याआधी, ती खिडकीशी हात जोडून बसायची आणि देवाला शब्द द्यायची, की आज माझ्या तोंडून कुणाबद्दल वाईट शब्द निघणार नाही. आईची जीभ कात्रीसारखी होती, आणि तिने किती नाती कापली ते आर्डिथने लहानपणापासून पाहिलं होतं. दिवसात चुकून काही निसटलंच, तर दुसऱ्या दिवशी गोड खायचं नाही, असा दंडही तिने स्वतःच ठरवलेला. अकरा वर्षं हे चाललं होतं. अख्ख्या गावात तिच्यासारखी मऊ बोलणारी बाई नाही, असं लोक म्हणत. तिला ते कानाला गोड लागायचं, आणि त्याचाही दंड घ्यावा का, असं कधीकधी मनात यायचं.

तेव्हा मार्लाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कुठे बोलायला जागाच नव्हती. व्हर्लिन कोठाराचं दार सताड उघडं ठेवायचा, डेलला फोनवर सगळं सांगायचा, मार्ला येताना आर्डिथसाठी केक आणायची. त्या दोघांत वावगं काहीच नव्हतं. असतं तर आर्डिथला निदान रागवायला तरी आलं असतं. 

ऑक्टोबरभर दर शनिवारी शंभर यार्डांवर फळी लावून दोघांचा सराव चाले. व्हर्लिनचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी बंदुकीची दारू पाच पाच ग्रेनच्या बारीक मापाने वाढवून पाहायची, मग गोळीचं वजन, मग गोळीभोवतीची प्लास्टिकची टोपी. दोन बारांच्या मध्ये नळीत एक ओला फडका, मग एक कोरडा, कमी नाही जास्त नाही. तीन छिद्रं एकमेकांना चिकटून पडली की व्हर्लिनच्या हिरव्या वहीत टीप. गोळी ठासून तळाशी नीट बसली की ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाजवळ खूण करतात, म्हणजे पुढच्या खेपेला गोळी अधांतरी राहिली तर लगेच कळतं. आर्डिथच्या गजावर चाकूने मारलेला एक ओरखडा होता. मार्लाने खूण केली ती लाल नेलपॉलिशने. व्हर्लिन त्यावर इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्याला असं हसताना आर्डिथने कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

चर्चच्या जेवणात तिथली ओळखीची इव्हॉन तिच्या ताटात बटाटे वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने शाळा काढलीय म्हणे. विद्यार्थिनी एकच, पण हजेरी पक्की." आर्डिथ हसली. "मार्ला हुशार आहे, भरभर शिकते," म्हणाली. शब्द चांगलाच होता. नेम मोडला नाही. ताटातले बटाटे मात्र तसेच राहिले.

शेवटच्या शनिवारी व्हर्लिनने वही मिटली. जमेल तेवढं सगळं झालं, असं त्याने मार्लाला सांगितलं, आणि आर्डिथ तिथेच लाकडं उचलत होती म्हणून तिच्याकडे मान वळवून म्हणाला, "थंडीतलं बाकीचं तुला आर्डी सांगेल. ती बावीस वर्षं करतेय."

डिसेंबरात मोसम उघडला तेव्हा बर्फ घोटाभर होता. मार्ला आठवडाभर मुक्कामाला आली. पहिला दिवस नुसताच गेला. दोन माद्या दिसल्या त्याही पल्ल्याबाहेर. संध्याकाळी व्हर्लिन परभारे वासरांना चारा घालायला गेला आणि दोघी बायका घरी आल्या. मागच्या पडवीत आर्डिथने आपल्या बंदुकीवरची, बार पेटवणारी छोटी केप काढली आणि बंदूक भरलेलीच, तिथल्या थंडीत, खुंटीला टांगली. शेजारची खुंटी रिकामी होती.

या भागात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दिवसभर गारठलेली बंदूक उबेत आणली की तिला घाम सुटतो, बाहेरून आणि नळीच्या आतूनही. आत भरलेली दारू तो ओलावा पिते. म्हणून मोसमभर बंदूक थंडीतच राहते. व्हर्लिनने मार्लाला हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांचा सगळा सराव उन्हात झाला होता.

मार्लाने बूट काढले. "हिला कुठे ठेवू?" तिने विचारलं.

आर्डिथ दाराच्या कडीला हात लावून उभी होती. नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

"तुला हवी तिथे ठेव," ती म्हणाली.

"मग वर नेते. डोळ्यांसमोर असली की बरी झोप लागते. बघ, कशी झालेय मी."

जेवणाआधी आर्डिथ जास्तीचं पांघरूण द्यायला वर गेली. मार्ला न्हाणीघरात गाणं म्हणत होती. बंदूक भिंतीला टेकून, गरम हवेच्या झरोक्याशेजारी उभी होती, आणि तिच्या नळीवर बारीक बारीक थेंब जमले होते. एक थेंब ओघळून खाली गेला तो आर्डिथने पाहिला. तिने पांघरुणाची घडी पलंगाच्या पायगतीला ठेवली, कोपरे सारखे केले आणि ती खाली आली. जेवताना मार्लाने मिरचीच्या घट्ट सूपबरोबर दालचिनीचे दोन गोड रोल खाल्ले आणि आर्डिथच्या हाताचं कौतुक केलं.

सकाळी व्हर्लिन त्यांच्याआधीच निघून गेला. ओढ्याच्या पलीकडून वळसा घालून तो हरणं या बाजूला काढणार होता. आर्डिथ खिडकीशी हात जोडून बसली. कुणाबद्दल वाईट शब्द निघणार नाही, एवढं म्हटलं आणि पुढे तिला काही म्हणता येईना. कॉफी तशीच निवली.

कुंपणाच्या कडेला देवदाराच्या झुडपामागे दोघी नारिंगी जाकिटं घालून बसल्या. मार्लाने केप बसवली. आता सांग, आर्डिथ स्वतःला म्हणाली. आता सांगितलं तर बोल्ट उघडून ओली दारू मागून बाहेर ढकलता येईल, कोरडी भरता येईल, दहा मिनिटांचं काम. पण आता सांगायचं म्हणजे काल संध्याकाळपासून ठाऊक होतं, हेही सांगायचं. काल ते एक वाक्य होतं. आज त्याचा कबुलीजबाब झाला होता. ती गप्प राहिली, आणि दर मिनिटाला ते जास्तच जड होत गेलं.

ओढ्याकडून नर आला. रुंद शिंगांचा, मान फुगलेली, पावलं मोजत चालणारा. साठ यार्डांवर तो आडवा उभा राहिला. मार्लाने शिकवल्याप्रमाणे श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

फट् असा कोरडा आवाज झाला. केप फुटली. पुढे काहीच नाही.

मार्लाने बंदूक खाली घेतली नाही. व्हर्लिनने शिकवलं होतं, बार उशिरानेही उडू शकतो, मिनिटभर नळी समोरच धरायची. तशीच धरून, ओठ न हलवता ती कुजबुजली, "तू मार." आर्डिथने बंदूक उचलली. दस्ता नेहमीसारखा काखेत अडकला. तो सोडवून खांद्याला लावेपर्यंत नराने शेपटीचा पांढरा गोंडा वर केला होता आणि दोन उड्यांत तो झाडीत दिसेनासा झाला.

कोठारातल्या बाकावर व्हर्लिनने बोल्ट फिरवून काढला आणि पुढून गज घातला. नळीतून काळ्या चिखलाचा गोळा कागदावर पडला. त्याने तो बोटाने दाबून पाहिला, वास घेतला, आणि चष्मा लावून हिरवी वही उघडली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "ही दारू ओल धरते असं कुणी तरी म्हणालं होतं. मी ऐकलं नाही. तुझ्या तीन महिन्यांची माती केली मी, मार्ला."

असं होतंच, अजून मोसम संपलेला नाही, असं मार्ला म्हणत राहिली. पण तिचा चेहरा पडला होता. व्हर्लिनने पेन्सिल घेतली आणि सरावाच्या नोंदींच्या पानावर वरच्या कोपऱ्यापासून तिरकी रेघ मारायला सुरुवात केली.  

"थांब," आर्डिथ म्हणाली. "बंदूक रात्रभर वरच्या खोलीत होती. झरोक्याजवळ."

पेन्सिल थांबली.

"कुठे ठेवू म्हणून तिने मला विचारलं होतं. हवी तिथे ठेव म्हटलं मी. थेंब आलेलेही पाहिले."

 मग व्हर्लिनने चष्मा काढून बाकावर ठेवला. "का?"

आर्डिथला वाटलं, याचं उत्तर द्यायचं तर अकरा वर्षांच्या नेमाचा आज निकाल लागणार. नंतर वाटलं, निकाल कालच लागलाय.

"तू तिचा हात मोजलास," ती म्हणाली. "माझा कधी मोजला नाहीस."

"मी विचारलं होतं तुला. ठीक आहे म्हणालीस."

"हो. म्हणाले."

मार्ला बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.  "अशा नराला मी सप्टेंबरपासून स्वप्नात बघतेय, आर्डिथ," ती सावकाश म्हणाली. "एक शब्द बोलली असतीस. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं."

आर्डिथने मान हलवली. माफी मागायला तोंड उघडलं, पण जे यायचं ते डोळ्यांतून आलं, आणि तिने ते हातमोज्याच्या पाठीने पुसलं.

मार्ला वळली. ती घरी निघाली, असं आर्डिथला वाटलं. पण तिने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली मोजपट्टी काढली आणि आर्डिथसमोर येऊन उभी राहिली. हसत मात्र नव्हती.

"हात वाकव."

आर्डिथने हात वाकवला. पट्टीचं थंड टोक कोपराच्या आत टेकलं.

"सव्वाबारा," मार्ला म्हणाली. "आणि हिच्या बंदुकीचा दस्ता बघ केवढा आहे. मी तर हा बावीस दिवसही वापरला नसता."

व्हर्लिनने वहीचं नवं पान उघडलं आणि बायकोकडे न पाहता आकडा लिहिला. मग कोरड्या आवाजात विचारलं, "जाकीट धरून की जाकिटाशिवाय?"

"जाकीट धरून," आर्डिथ म्हणाली. थोडं थांबून तिने आणखी सांगितलं, की चाप फार जड आहे, दोन बोटांनी ओढावा लागतो.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

त्याने तेही लिहिलं. पेन्सिल कागदावरून उचलली नाही.

"आणखी?" त्याने विचारलं.